गोळी किती वाजता, रक्त किती वाजता?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा आहे, महापे एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करतो. बायपोलर आजारासाठी चार वर्षं लिथियम चालू आहे. सकाळी आठला ३०० ची एक, रात्री नऊला ३०० च्या दोन, शिवाय रात्री त्याच आजारासाठी ओलान्झापिन १०. रक्तातली लिथियमची पातळी नेहमी ०.८ च्या आसपास असायची. जूनमध्ये ती १.२५ आली, लॅबने आकडा ठळक करून पुढे बाण काढला होता. त्या दिवशी एकही गोळी चुकली नव्हती, सकाळची तर मीच चहाबरोबर दिली होती. रक्त घ्यायला मुलगा दहाच्या सुमारास आला. रिपोर्ट पाहून जवळच्या डॉक्टरांनी सकाळची गोळी बंद केली. आता सप्टेंबरमध्ये सकाळी नऊला रक्त दिलं तर पातळी ०.५५ आली. तो जेमतेम तीन-चार तास झोपतो, मध्यरात्री उठून कपाट आवरतो, बोलणं वाढलंय. आई म्हणते, तो गोळ्या बेसिनमध्ये टाकतो. रोज भांडण होतं. ही तपासणी दर महिन्याला करून त्याच्यावर लक्ष ठेवता येईल का? आणि ओलान्झापिनची अशी तपासणी कुणी का सांगत नाही?"

ताई, तुमचा भाऊ गोळ्या टाकत नाही असं मला तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच वाटतं. हे आधी सांगते, कारण घरातलं भांडण आजच थांबू शकतं. कसं ते पुढे समजावते. पण त्याहून तातडीची एक गोष्ट आहे. झोप तीन-चार तासांवर येणं आणि रात्री कामं सुचणं ही तुमच्या भावाच्या आजारात उन्मादाची, म्हणजे मन बेफाम उसळण्याच्या टप्प्याची, पहिली पावलं असू शकतात. त्याच्या नेहमीच्या मानसोपचारतज्ज्ञांना आज-उद्याच फोन करा. जूनचे आणि सप्टेंबरचे दोन्ही रिपोर्ट दाखवा, आणि जूनमध्ये सकाळची गोळी घेतल्यावर दोन तासांनी रक्त घेतलं होतं हे न विसरता सांगा. बंद केलेली गोळी तुमच्या मनाने सुरू करू नका. तो निर्णय त्याला तपासून, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून त्यांनीच घ्यायचा आहे.

आता जूनच्या त्या १.२५ कडे येऊ. सगळा घोळ तिथे सुरू झाला.

तुम्ही ऐरोलीला राहता, मुलुंडकडे जाताना पुलावरून खाडी दिसते. भरतीला पाणी कुठवर असतं आणि ओहोटीला चिखल किती उघडा पडतो हे तुम्ही पाहिलेलंच आहे. खाडीत पाणी किती, असं कुणी विचारलं तर आधी विचारावं लागेल, किती वाजता? लिथियमचं तसंच आहे. साधी गोळी घेतली की एक ते तीन तासांत रक्तातली पातळी उंच चढते, मग उतरू लागते. औषध अंगभर पसरायला आणि पातळी स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त घ्यायचं असा नियम सगळीकडे पाळला जातो. लिथियमचं किती प्रमाण गुणकारी आणि किती घातक हे ज्या अभ्यासांतून ठरलं, ते याच १२ तासांच्या मोजमापावर. आजार ताब्यात ठेवण्यासाठी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर, उन्माद भरात असताना ०.८ ते १.० किंवा थोडं वर, वयस्कर माणसांत त्याहून कमी, आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती: हे सगळे आकडे बारा तासांचे आहेत. दोन तासांच्या रक्ताला ही पट्टी लावताच येत नाही.

जूनमध्ये तुम्ही गोळी आठला दिलीत आणि रक्त दहाला गेलं. म्हणजे भरतीचं पाणी मोजलं गेलं. तुम्ही गोळी चुकवली नाहीत, उलट आठवणीने दिलीत, आणि नेमकी तीच गोळी आकड्यात दिसली. यात तुमचा दोष नाही. लिथियमसाठी रक्त देण्याआधी सकाळची गोळी घ्यायची नसते, रक्त देऊन झाल्यावर घ्यायची असते, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. चिठ्ठीवर नुसतं "सीरम लिथियम" लिहिलेलं असतं आणि लॅबकडून फोनवर "उपाशीपोटी या" एवढंच कळतं. खरं तर या तपासणीला उपाशी राहायची गरजच नाही. चहा-नाश्ता चालतो, फक्त गोळी थांबवायची.

सप्टेंबरचं रक्त मात्र योग्य वेळी गेलं, कारण सकाळची गोळी आता नव्हतीच. रात्री नऊच्या दोन गोळ्या आणि सकाळी नऊला रक्त, बरोबर बारा तास. आता गणित करा. लिथियमचा हिशोब सरळ असतो. मूत्रपिंडाचं काम तसंच चालू असेल, तर डोस जितक्या पटीने कमी कराल साधारण तितक्याच पटीने पातळी उतरते. ९०० मिलिग्रॅमला ०.८ होती. ६०० केलं म्हणजे दोन तृतीयांश. ०.८ चे दोन तृतीयांश ०.५३ च्या आसपास. तुमचा रिपोर्ट ०.५५.

हा आकडा आईंना दाखवा. गोळ्या बेसिनमध्ये जात असत्या तर पातळी इथवर आली नसती. लिथियमची रक्तातली गोष्ट मागच्या पाच-सात दिवसांपुरतीच असते, त्यामुळे महिन्याभरापूर्वी त्याने काय केलं हे यातून कळणार नाही. पण ज्या आठवड्यात रक्त दिलं त्या आठवड्यात तो सांगितलेल्या दोन गोळ्या घेत होता असं म्हणायला पुरेसा आधार आहे. पातळी उतरली, कारण डोस उतरला. आणि डोस उतरला तो चुकीच्या वेळी घेतलेल्या रक्तामुळे.

असा रिपोर्ट पाहून गोळी कमी करणाऱ्या डॉक्टरांवर मी रागावणार नाही. ठाण्यात मी गेली बावीस वर्षं प्रॅक्टिस करते आहे, आणि सुरुवातीच्या काळात माझ्याही हातून हे झालं आहे. कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती, पातळी १.४ आली, मी न विचारता डोस कमी केला. सहा आठवड्यांत तिचा आजार उलटला आणि परीक्षेचं वर्ष गेलं. नंतर तिच्या वडिलांशी बोलताना कळलं की गोळी खाऊन तासाभरात ते तिला लॅबमध्ये घेऊन गेले होते. त्या दिवसापासून कुठलाही आकडा वाचण्याआधी मी विचारते, गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता दिलं? माझ्या चिठ्ठीवरही आता या दोन वेळांसाठी कोऱ्या जागा असतात.

दुसरा एक प्रसंग सांगते, कारण तो आजही कुठेही घडू शकतो. एका गृहस्थांचा रिपोर्ट आला २.६. इतक्या पातळीला माणूस झिंगल्यासारखा, अडखळत बोलणारा दिसायला हवा. हे गृहस्थ जिना चढून आले, समोर बसून नातवाचे फोटो दाखवू लागले. हात स्थिर, बोलणं स्वच्छ. मी लॅबला फोन करून विचारलं की रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं. हिरव्या झाकणाच्या. त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून आधीच हेपॅरिन घातलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते लिथियम हेपॅरिन असतं. म्हणजे ज्या पदार्थाचं मोजमाप करायचं तोच ट्यूबमध्ये होता. लाल झाकणाच्या साध्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, आकडा ०.७ आला. घरी रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाला तुम्हीही हे सांगू शकता, "लिथियमसाठी आहे, हिरवी ट्यूब नको." त्याला राग येणार नाही. आला तरी सांगा.

लिथियमच्या बाबतीत एवढी काटेकोर मोजणी का, हे समजून घेतलं तर बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. हे औषध म्हणजे एक क्षार आहे. यकृत त्याला हात लावत नाही, सगळा भार मूत्रपिंडावर. आणि मूत्रपिंड त्याला मिठातल्या सोडियमचा भाऊबंद समजतं. शरीरात पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळ्या तेवढ्याच, पण पातळी चढत जाते. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांतलं अंतर फार थोडं, त्यामुळे चढलेली पातळी पचत नाही.

आपल्याकडे हे कसं घडतं ते मी वर्षानुवर्षं बघते. कोपरीतल्या साठीच्या एक बाई. पंधरा वर्षं लिथियमवर अगदी ठणठणीत. सोसायटीच्या शिबिरात रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली, तिच्यात टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी दोन औषधं एकत्र होती. ही दोन्ही औषधं लिथियमची पातळी वाढवतात. सुनेने काळजीपोटी जेवण अळणी केलं, त्याने आणखी भर. गुडघा दुखतो म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणलं, तेही पातळी वाढवतं. तीन आठवड्यांनी बाईंचे हात जाडजूड थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. घरच्यांना वाटलं अर्धांगाचा झटका आला. पातळी निघाली १.९. या तिघांपैकी प्रत्येकाने आपापलं काम नीटच केलं होतं. फक्त बाई लिथियम घेतात हे शिबिरातल्या डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

म्हणून ही औषधं फ्रिजवर लिहून ठेवा: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं; रक्तदाबाच्या औषधांपैकी एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन; आणि लघवी वाढवणारी थायझाइड गटातली औषधं. यातलं एखादं द्यावंच लागलं तर देता येतं, पण मानसोपचारतज्ज्ञांना कळवून आणि पातळी पुन्हा मोजून. ताप-अंगदुखीला पॅरासिटॅमॉल चालतं. पावसाळ्यात उलट्या-जुलाब सुरू झाले तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. बहुधा ते पातळी बघेपर्यंत लिथियम थांबवायला सांगतील. हरतालिकेसारखा निर्जळी उपास लिथियम घेणाऱ्याने करू नये असं मी स्पष्ट सांगते, आणि आजवर एकाही घरात देवाच्या नावाने त्यावर वाद झालेला नाही. मीठ रोजच्याइतकंच ठेवा, एकदम वाढवूही नका. चहा-कॉफीही तशीच, कारण कॅफिनमुळे लिथियम जास्त बाहेर पडतं. दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्याने एकाएकी चहा सोडला तर पातळी वर सरकते. तुमचा भाऊ कारखान्यात भट्टीजवळ किंवा बंदिस्त शेडमध्ये उभा असेल तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याची बाटली जवळ असणं हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे.

रक्तातली पातळी मोजण्याची ही शिस्त फार मोठी किंमत देऊन आली आहे. ऑस्ट्रेलियातले जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमचा उन्मादावरचा गुण जगासमोर मांडला. तेव्हा पातळी मोजायची पद्धत हाताशी नव्हती, लक्षणांवरून अंदाजाने डोस ठरायचा. त्यांचा ज्याच्यावर पहिल्यांदा गुण आला तो रुग्ण पुढच्याच वर्षी लिथियमच्या विषबाधेत गेला. त्याच १९४९ साली अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं, त्यातही माणसं दगावली. लोक या औषधापासून लांब पळाले. पुढे मेलबर्नमध्येच एडवर्ड ट्राउटनर यांनी रक्तातलं लिथियम मोजत उपचार करून दाखवले, १९५१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि मोजून दिलं तर हे औषध वापरता येतं हा विश्वास हळूहळू परत आला. अमेरिकेत त्याला उन्मादासाठी मान्यता मिळायला १९७० उजाडलं. तुमच्या भावाच्या ट्यूबभर रक्तामागे एवढं सगळं आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्याचा लिथियमइतका भक्कम पुरावा फार थोड्या औषधांकडे आहे, म्हणूनच इतकी सांभाळासांभाळ करून आम्ही ते देतो.

एक मात्र लक्षात असू द्या. आकडा पट्टीत बसतो म्हणून माणूस सुरक्षित आहे असं धरू नका. वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्यांत ते मेंदूत साठलेलं असतं, त्यामुळे, विशेषतः वयस्करांत, रिपोर्ट १.० असतानाही विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. बारीक थरथर, पेला धरताना जाणवणारी, ती अनेकांना असते आणि घाबरण्यासारखी नाही. पण थरथर जाड झाली, तोल जाऊ लागला, बोलणं लडबडलं, गुंगी आली, उलट्या-जुलाब थांबेनात, तर पुढची गोळी न देता सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका. उशीर झाला तर तोल जाण्याचा दोष कायमचा राहू शकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ओलान्झापिनची पातळी का नाही.

रक्तातली पातळी मोजून उपयोग कधी होतो? पातळी आणि गुण यांचं काही नातं असेल, गुण आणि धोका यांच्यातली जागा अरुंद असेल, किंवा एकाच डोसला माणसामाणसांत पातळी फार वेगवेगळी येत असेल, तर. लिथियम या सगळ्यांत बसतं. नैराश्यावरची आज सर्रास दिली जाणारी औषधं, एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन वगैरे, यांचा धोका कमी आणि एका मर्यादेपुढे पातळी वाढली म्हणून गुण वाढत नाही, म्हणून नेहमीच्या रुग्णात तिथे मोजण्याने फार काही हाती लागत नाही. जुन्या नॉर्ट्रिप्टिलिनचं उलट. स्वीडनमध्ये मारी ऑसबेरी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवलं की त्याची पातळी फार कमी असली तरी गुण येत नाही आणि फार जास्त झाली तरी गुण कमी होतो. ५० ते १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या पट्ट्यातच ते नीट काम करतं. "गोळी लागू पडत नाही, डोस वाढवा" हा आपला सहज विचार, पण इथे डोस कमी करून माणूस बरा होऊ शकतो. मोजल्याशिवाय ते कसं कळणार?

ओलान्झापिन मधल्या जागी आहे. त्याची मोजणी होते, २० ते ८० नॅनोग्रॅम हा उपयोगी पट्टा मानला जातो, पण भूक, वजन, साखर, झोप आणि लक्षणं यांवरून डोस ठरवणं बहुतेकदा पुरतं. पुरेसा डोस देऊनही गुण येत नसेल, किंवा छोट्या डोसलाही माणूस झोपून राहत असेल, तेव्हा मी ती मागवते. तुमच्या भावाला सध्या तिची गरज दिसत नाही. त्याच्या वजनाची, साखरेची आणि कोलेस्टेरॉलची नोंद मात्र ठेवा, ओलान्झापिनमध्ये ती पातळीपेक्षा महत्त्वाची.

क्लोझापिनबद्दल थोडं जास्त सांगते, कारण स्किझोफ्रेनियावर इतर औषधं हरली की आम्ही त्याच्याकडे वळतो आणि ठाण्या-कळव्यात ते घेणारी बरीच घरं मला माहीत आहेत. या रुग्णांना सुरुवातीला १८ आठवडे दर आठवड्याला रक्त द्यावं लागतं ते पांढऱ्या पेशी मोजण्यासाठी. तो रिपोर्ट म्हणजे औषधाची पातळी नव्हे, ही गल्लत फार होते. औषधाची पातळी हा वेगळा प्रकार, तीही बारा तासांची. ३५० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर "क्लोझापिनही हरलं" असं म्हणायची घाई करू नये. ६०० च्या पुढे जसजशी चढेल तसतसा झटक्यांचा, म्हणजे फिट येण्याचा, धोका वाढतो. आपल्याकडच्या माणसांत पाश्चात्त्य पुस्तकांतल्यापेक्षा कमी डोसला ही पातळी गाठली जाते, हा माझाही अनुभव आहे.

आणि इथे बिडी-सिगारेट मध्ये येते. धुरातल्या घटकांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करू लागतं आणि क्लोझापिन भराभर संपवतं. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे, त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्यात हा परिणाम दिसत नाही. कळव्याचे एक काका दिवसाला दोन बंडल बिड्या ओढायचे. पाय मोडला, रुग्णालयात प्लास्टर घालून पडले, बिडी बंद. आठव्या दिवशी उशी लाळेने भिजू लागली, काका उठवले तरी डोळे उघडेनात. घरच्यांना वाटलं भूल उतरली नाही. पातळी जवळजवळ दुप्पट झाली होती. डोस तोच, फक्त धूर थांबला होता. बिडी सुटली ही चांगलीच गोष्ट, पण सोडायच्या आधी डॉक्टरांना कळवलं तर डोस तसा कमी करता येतो. ओलान्झापिनलाही धुराचा हा नियम लागू आहे. तुमचा भाऊ सिगारेट ओढत असेल आणि पुढे कधी सोडणार असेल तर एवढं ध्यानात ठेवा. क्लोझापिन घेणाऱ्याला सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा फ्लुवोक्सामिन सुरू झालं, किंवा न्यूमोनियासारखा मोठा जंतुसंसर्ग झाला तरीही पातळी अशीच उसळते.

बायपोलर आजारातच दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन या दोन औषधांचं थोडक्यात. दोन्हींचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी घ्यायचं. व्हॅल्प्रोएटचा पट्टा ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, उन्मादात १२५ पर्यंत, आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर तो आकडा फसवतो. कार्बामाझेपिनचा ४ ते १२. हे औषध स्वतःला संपवणारी यंत्रणा स्वतःच जागी करतं, त्यामुळे पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्याच डोसवर पातळी खाली येते, आणि घरच्यांना वाटतं रुग्ण गोळ्या चुकवतोय.

हा संशय तुमच्याही घरात आहे, म्हणून लक्ष ठेवण्याबद्दल मनापासून सांगते. दर महिन्याला रक्त काढून त्याला पकडता येईल का? नाही, आणि तसं करू नका. गोळ्या टाळणारा माणूस तपासणीच्या आधी आठवडाभर नियमित गोळ्या घेतो आणि रिपोर्ट छान येतो. गोळ्या नियमित घेणाऱ्यावर मात्र तुमचा विश्वास नाही हे त्याला दर महिन्याला सुई टोचून सांगितलं जातं. लिथियम वर्षानुवर्षं घ्यायचं औषध आहे, ते भीतीपोटी कुणी इतकी वर्षं घेत नाही. पातळी मोजायची ती त्याच्या सुरक्षिततेसाठी: डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी, घडी बसली की पहिलं वर्षभर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी, आणि आजारपण आलं, नवीन औषध जोडलं किंवा गोळीचा ब्रँड बदलला तर मधेच एकदा. सावकाश विरघळणारी गोळी असेल तर ती तोडून देऊ नका. सहा महिन्यांतून एकदा क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि कॅल्शियमही हवं, कारण लिथियम मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी या तिघांनाही त्रास देऊ शकतं. चार वर्षांत हे झालं नसेल तर या वेळी करून घ्या.

गोळ्या टाकल्याचा संशय आलाच तर आधी विचारा की त्याला गोळीचा त्रास काय होतो. थरथरीमुळे कारखान्यात सहकाऱ्यांसमोर लाज वाटते का? तहान आणि लघवी वाढल्याने मशीन सोडून सारखं जावं लागतं का? यावर उपाय असतात, पण त्याने सांगितलं तरच. आणि तो ३३ वर्षांचा आहे, रिपोर्ट त्याचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याच्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क त्याला दिला आहे. त्याच्या संमतीने तुम्ही सोबत राहा, लपून फोन करून रिपोर्ट मागवू नका.

पुढच्या वेळी रक्त कसं द्यायचं तेवढं पाळ्यांच्या हिशोबाने सांगते, कारण रात्रपाळीच्या आठवड्यात हमखास गोंधळ होतो. पहिली किंवा दुसरी पाळी असेल तेव्हाच तपासणी ठरवा. रात्री गोळी घेतली ती वेळ त्यानेच कागदावर लिहायची. सकाळी बरोबर बारा तासांनी रक्त, अर्धा तास इकडेतिकडे चालेल. तोवर लिथियमची कुठलीही गोळी नाही. रक्त देऊन झालं की सकाळची असेल ती घ्यायची. रात्रपाळीतच तपासणी करावी लागली आणि तो घरी आल्यावर सकाळी आठला गोळी घेत असेल, तर रक्त संध्याकाळी आठला. रात्री आठला उघडी असलेली लॅब आधी फोन करून शोधून ठेवा. लॅबच्या फॉर्मवर शेवटच्या गोळीची वेळ लिहायला लावा, त्यांनी नाही लिहिली तर रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने तुम्ही लिहा.

आणि तो ०.५५ चा रिपोर्ट आज रात्री जेवणाच्या टेबलावर ठेवा. दोन तृतीयांशचं गणित आईंना त्यालाच करून दाखवू दे.